पिंपळाच्या ढोलीतलं अकरावं पिल्लू

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी एका बदकिणीला तिच्याच पिल्लांजवळून चप्पल फेकून हाकललं आणि तिची नऊ पिल्लं भाजीच्या पिशवीत भरली. ती तिचीच पिल्लं आहेत हे मला माहीत नव्हतं. पण ते पाहायलाच मी साताऱ्याहून दिल्लीला गेलो होतो, आणि आदल्या दोन दिवसांत मला ते तीनदा सांगून झालं होतं. त्यामुळे 'माहीत नव्हतं' या सबबीचा मला काही उपयोग नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे रिकामा वेळ, पेन्शन आणि एक दुर्बीण होती. या तीन गोष्टी ज्याच्याकडे असतात त्याला आमच्याकडे पक्षीतज्ज्ञ म्हणतात. शाळा बोलावतात, गुलाबाचं फूल देतात. एकदा एका बंगल्याच्या गच्चीवरच्या घुबडाबद्दल मी खाली उभा राहून पोरांना अर्धा तास माहिती दिली. घुबड पारवे हाकलायला बसवलेलं प्लास्टिकचं होतं. ही गोष्ट आमच्या ज्येष्ठांच्या गुरुवारच्या बैठकीत मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती माझ्यापेक्षा त्यांना चांगली येते. आपल्या चुकीवर आपणच आधी हसलं की समोरच्याला फारसं काही बोलता येत नाही, हा शोध मी नोकरीतच लावला होता, आणि त्यावर माझं बरं चाललं होतं.

दिल्लीहून आल्यापासून मंडळी विचारताहेत. मी छोले-कुलच्यांवर निभावून नेतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून काढावं.

द्वारका, शुक्रवार

माझी थोरली बहीण लग्न झाल्यावर दाजींबरोबर दिल्लीला गेली ती तिथलीच झाली. दाजी नगरकडचे, ख्रिस्ती, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. दिल्लीच्या द्वारका उपनगरात एका सोसायटीत सातव्या मजल्यावर घर. भिंतीवर क्रूस आहे आणि त्याच्याच खालच्या कपाटात ताईचा गणपतीचा चौरंग. दोघांचीही एकमेकांबद्दल आजवर काही तक्रार आलेली नाही.

या घराची गंमत म्हणजे विमानं. विमानतळ इतका जवळ की दर दोन-चार मिनिटांनी एक विमान डोक्यावरून जातं. घरातले लोक वाक्य अर्ध्यात थांबवतात, ते गेलं की थांबलेल्या शब्दापासून पुढं बोलू लागतात, आणि आपण थांबलो होतो हे त्यांना कळतही नाही. मला ही सवय नाही. मी विमानावर मात करून बोलत राहायचो, म्हणजे ओरडत राहायचो, आणि विमान अचानक गेलं की सातव्या मजल्यावर माझा एकट्याचा आवाज उरायचा.

ताईनं रात्री भरली वांगी केली होती. दिल्लीत राहून तिच्या पोह्यांत मटार शिरले आहेत, पण वांगी अजून साताऱ्याची आहेत. मी पहिला घास तोंडात टाकला आणि पाहतो तो बाकीचे तिघं डोळे मिटून बसलेले. दाजी जेवणाआधीची प्रार्थना म्हणत होते. घास गिळावा तर बरं दिसेना, बाहेर काढावा तर त्याहून वाईट, आणि वांगं चांगलंच पोळत होतं. मी आ करून 'आमेन'ची वाट पाहत राहिलो. दाजींनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि प्रार्थना जराशी आटोपती घेतली, असा माझा संशय आहे.

मी ज्या कारणासाठी गेलो होतो ते कारण माझ्या शेजारी बसलं होतं: माझी भाची जुई. वय सत्तावीस. वाढली दिल्लीत, त्यामुळे घराबाहेर तिला सगळे जूही म्हणतात आणि तिच्या मराठीत 'अच्छा' आणि 'बिल्कुल' मटारांसारखे मधेमधे येतात. ती झाडांत अंडी घालणाऱ्या बदकांवर डॉक्टरेट करते आहे. झाडातलं बदक म्हटल्यावर मला हसू आलं होतं, ते फोनवरच. ती म्हणाली होती, ये आणि बघ. म्हणून आलो.

जेवताना तिनं मला फोटो दाखवायला सुरुवात केली. हा नकटा, हा नर, ही मादी. मी पहिल्या फोटोवरच तिला थांबवलं आणि घुबडाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या फोटोवर आणखी एक आठवली. तिसरा फोटो तिनं दाखवलाच नाही, फोन उलटा ठेवला आणि भाकरी मोडली. झाडातल्या पोकळीला ती 'होल' म्हणत होती. मी तिला 'ढोली' हा शब्द दिला. तो तिनं लगेच वहीत लिहून घेतला. त्या संबंध प्रवासात माझ्याकडून तिच्याकडे गेलेलं ज्ञान एवढंच.

जोहडावर, शनिवार

पहाटे पाचला आम्ही दाजींची गाडी घेऊन निघालो. मानेसरच्या रस्त्याला कारखान्यांच्या बसगाड्या रांगेनं चालल्या होत्या, प्रत्येक खिडकीला एक झोपलेलं डोकं टेकलेलं. मानेसरच्या अलीकडे जुईनं गाडी आत वळवली, आणि पाच मिनिटांत बाजरीची शेतं लागली. एका बाजूला बाजरी, तिच्या डोक्यावरून क्षितिजाला चिकटलेले वीस-वीस मजले. आमच्याकडे गाव संपतं आणि मग शहर लागतं. तिकडे दोन्ही एकमेकांच्या मांडीवर बसले आहेत.

गावाच्या टोकाला तळं होतं. त्याला तिकडे जोहड म्हणतात. काठाला पाणकणीस, मधोमध म्हशींची डोकी, आणि एका अंगाला जुना, फोफावलेला पिंपळ. त्याच्या बुंध्यापासून तीन पुरुष उंचीवर एक फांदी केव्हातरी मोडून पडली होती आणि तिच्या जागी एक काळं भोक राहिलं होतं. हीच ती ढोली.

पिंपळासमोर 'भरतो' नावाच्या एका दादींचा घेर, म्हणजे म्हशींचं अंगण, दोन खोल्या आणि हातपंप. दादी सत्तरीच्या, काटक. पिवळी ओढणी डोक्यावरून कधी ढळत नाही. त्यांनी मला मोठ्या पितळी पेल्यात ताक दिलं, वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा तरंगत होता. आमच्याकडे ताक जेवणाच्या शेवटी येतं, तिथं ते जेवणासारखं येतं. मी खाटेवर ऐसपैस बसून ते पीत असताना एक म्हातारे गृहस्थ आले आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले. खाटेची उशाकडची बाजू वडीलधाऱ्यांची असते, पायथ्याकडची इतरांची, आणि मी दादींच्या थोरल्या दिरांच्या उशाला मांडी ठोकली होती, हे जुईनं कानात सांगितल्यावर मी सरकलो. म्हातारबुवा बसले. हुक्का मात्र त्यांनी माझ्यापासून लांब सरकवून घेतला.

मग मी नकटा पाहिला आणि बाकी सगळं विसरलो. बदक एवढं मोठं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या मानेवर आणि डोक्यावर काळे ठिपके, जणू कुणी शाईचं पेन झटकलं आहे. पाठ काळी वाटते तोवर तो वळतो, आणि ऊन पडताच तीच पाठ हिरवी होते, मग जांभळी, मग तांब्याच्या भांड्यासारखी. आणि चोचीवर बैलाच्या वशिंडासारखं उभं, काळं, मांसल नाक. एवढं नाक असणाऱ्याला नकटा हे नाव कुणी दिलं असेल, त्याला मी एकदा भेटणार आहे. माझ्या नव्या, वरवंट्याएवढ्या जड दुर्बिणीतून मी त्याच्याकडे दोन तास पाहिलं. जुई शेजारी बसून सांगत होती. मी 'हं, हं' करत होतो.

ती जे सांगत होती ते मी आता नीट सांगू शकतो, कारण नंतर ते नीट ऐकायची वेळ माझ्यावर आली. नाक फक्त नराला. पावसाळ्यात ते फुगतं, हंगाम सरला की ओसरतं. मादीला नाक नाही, रंगाची झळाळी जवळपास नाही, आणि ती नराच्या निम्म्यानं. हे बदक स्वतः ढोली पाडू शकत नाही. झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, आतून कुजावं लागतं. त्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि रस्ता रुंद करायला झाड पाडायचं तर एक सकाळ पुरते. अंडी एकटी मादी उबवते, महिनाभर. नर तळ्यात पाठ चमकवत फिरतो. पिल्लं बाहेर पडली की दुसऱ्या सकाळी आई खाली जमिनीवर उतरते आणि हळू आवाजात बोलावत राहते. मग एक दिवस वयाचं, पंखांचा पत्ता नसलेलं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी चढून येतं आणि उडी मारतं. कापसाच्या बोंडासारखं पडतं, उसळतं, उठतं आणि आईकडे चालू लागतं. सगळी उतरली की ती त्यांना पाण्यात नेते. ढोलीत परत कुणी जात नाही.

जुईनं त्या हंगामात तीन ढोल्या अभ्यासाला धरल्या होत्या. एक घोरपडीनं साफ केली, दुसरी वादळात फांदीसकट गेली. उरली ही. हिच्यात तिनं बांबूला छोटा कॅमेरा बांधून, मादी चरायला गेलेली असताना, एकदाच डोकावून अंडी मोजली होती: अकरा. त्यानंतर महिनाभर ती रोज पहाटे इथं येत होती. त्या संध्याकाळी मादी चरायला बाहेर पडलीच नाही. जुईचा चेहरा फुलला. अंडी फुटायला लागली असावीत, म्हणाली. उद्या किंवा परवा.

रविवार

ताई-दाजी चर्चला जायचे होते. ताईनं भाजीच्या कापडी पिशवीत पोह्यांचा डबा घालून दिला आणि बजावलं, "सुध्या, तिचं ऐक हं."

साडेसहाला आम्ही पिंपळापासून वीस-पंचवीस पावलांवर, कडुलिंबाखाली बसलो. ढोलीत काही हालचाल नव्हती. तासाभरानं जुईच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याची बॅटरी दादींच्या गावातल्या घरी चार्जिंगला राहिली आहे. दहा मिनिटांत येते म्हणाली. वही आणि पेन माझ्या हातात दिलं आणि माझ्या डोळ्यांत बघून सावकाश बोलली, लहान मुलाशी बोलावं तशी.

"मामा, काहीही झालं तरी इथून उठायचं नाही. फक्त वेळ लिहायची. बिल्कुल उठायचं नाही."

मी म्हटलं, आता काय लिहून देऊ का.

ती गेली आणि पाचव्या मिनिटाला एक मळकट, मध्यम चणीचं बदक पिंपळाखाली उतरून मान लांब करून कसलासा घोगरा आवाज काढू लागलं. मी दुर्बीण लावली. नाक नाही. म्हणजे नकटा नाही, असं मी ठरवलं. डोकं तसंच ठिपक्याठिपक्यांचं होतं, ते मला दिसत होतं, पण मी नाक शोधत होतो. तेवढ्यात ढोलीतून काहीतरी पिवळं खाली पडलं. मागोमाग दुसरं. ते मळकट बदक मान खाली घालून त्यांच्यावर चालून गेलं.

माझ्या डोक्यात चित्र स्वच्छ होतं: पिल्लं ढोलीतून पडताहेत आणि एक परकं बदक त्यांना टिपतंय. वही टाकली, उठलो, धावत सुटलो. पायातली चप्पल काढून फेकली. नेम कधी नव्हे तो बरोबर लागला. बदक उडालं आणि तळ्यावर ओरडत घिरट्या घालू लागलं. वरून पिल्लं पडतच होती. मी रांगत, घसरत, गवतातून एकेक धरलं. हातात घेतलं की कळायचंसुद्धा नाही, नुसती ऊब लागायची. डबा बाहेर काढला, पिशवीत पिल्लं ठेवली. नऊ झाली. आता दोन्ही हातांनी पिशवी नीट धरावी म्हणून गळ्यात लोंबणारी दुर्बीण काढली आणि तीही पिशवीत टाकली.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो होतो.

घेरात शिरताना मला वाटत होतं की वर्तमानपत्रात फोटो येईल. दादी म्हशीला आंबोण घालत होत्या. पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "यो के सै?" म्हणजे, हे काय आहे. मी म्हटलं, बच्चे बचाए हैं. हातपंपाजवळच्या घमेल्यात थोडं पाणी होतं, त्याच्या कडेला मी पिल्लं एकेक करून सोडली. आठ. मग दुर्बीण उचलली. नववं तिच्याखाली होतं. मान एका बाजूला. पायाच्या बोटांमधला पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ होता, आणि तो पूर्ण झालेला होता. पोहायला तयार.

दादी अजून पाठमोऱ्या होत्या. मी खिशातून रुमाल काढला, पिल्लू त्यात गुंडाळलं आणि पँटच्या खिशात ठेवलं. विचार असा काही केला नाही. हाताला आधीपासून माहीत असल्यासारखं ते झालं. वर मी डबा उघडून उरलेल्या आठांपुढं मटार घातलेले पोहे टाकले.

जुई आली तेव्हा मी उकिडवा बसून त्यांना 'खा, खा' म्हणत होतो. तिनं घमेल्याकडे पाहिलं, तळ्यावर ओरडत फिरणाऱ्या मादीकडे पाहिलं, आणि एका पायात चप्पल असलेल्या माझ्याकडे पाहिलं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती इतकी हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं. ती आई आहे मामा, म्हणाली. ती त्यांना बोलावत होती. मग एकच विचारलं.

"किती आहेत?"

"आठ," मी म्हणालो.

दोन अजून ढोलीतच होती. आईचं बोलावणं थांबलं म्हणून त्यांनी उडी मारली नव्हती, आणि वरून त्यांचं बारीक चिवचिव ऐकू येत होतं. जुई भराभर बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आई अजून थोडा वेळ घुटमळेल, मग कंटाळून जाईल. ती गेली तर एका दिवसाची पिल्लं कुणालाही जगवता येणार नाहीत. ठेवायची तर पिंपळाखालीच. पण माणूस दिसला की ती उतरणार नाही.

दादींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं. रोज या वेळेला त्या म्हशी पाण्यावर नेतात. आज गोंधळात राहिल्या. या बदकिणीला म्हशींचं भय नाही, आणि दादींच्या पिवळ्या ओढणीचंही नाही, महिनाभर रोज पाहते आहे. तेव्हा म्हशी रोजच्यासारख्या निघतील, त्यांच्या आडून दादी घमेलं नेऊन ठेवतील आणि न थांबता पुढं चालू लागतील. जुईनं खोलीच्या छपरावर आडवं पडून पाहावं. आणि याला, म्हणजे मला, कोंडून घालावं. त्या बदकिणीनं याला ओळखलंय.

मला भुशाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. खोलीला खिडकी नव्हती. गव्हाचा भुसा छातीपर्यंत रचलेला, त्याचे कण घामावर चिकटून अंगभर खाजत होते, आणि खाजवायला खिशाकडे हात नेला की रुमाल लागायचा. बाहेर दादींनी म्हशींना घातलेली साद ऐकू आली, खुरांचा पचक पचक आवाज लांब गेला. मग काही नाही. इतकं काही नाही की छपरावर जुईनं कूस बदललेली मला कळली. मग पिंपळाच्या दिशेनं तो घोगरा, हलका आवाज आला. पाऊण तासापूर्वी ज्याच्यावर मी चप्पल फेकली होती तोच. या वेळी ऐकला तर त्यात बोलावणं इतकं उघड होतं, की बहिऱ्यालाही कळावं.

डोक्यावर जुई मोजू लागली. ही मुलगी आकडे हिंदीत बोलते, फोन नंबरसुद्धा हिंदीत सांगते. त्या दिवशी तिनं मराठीत मोजलं. एक. दोन. तीन. चार. आठपर्यंत एका दमात, घमेल्यातली. मग खूप वेळानं, नऊ. तिचा श्वास मला ऐकू आला. दहा. ज्या एका दृश्यासाठी मी दीड हजार किलोमीटर आलो होतो ते मी छातीएवढ्या भुशात उभा राहून, कडीबंद दाराआडून ऐकलं.

अकराची वाट तिनं किती वेळ पाहिली ते मला मिनिटांत सांगता येणार नाही. माझ्या हिशेबानं फार वेळ.

कडी निघाली तेव्हा ती हसत होती, डोळे भरलेले. दहाही आईमागून पाणकणसात गेली होती. मला चार शब्द ऐकवायचे सोडून ती माझ्या गळ्यात पडली. मामा, दहा गेली, म्हणाली. झालं गेलं. तिनं मला माफ केलं होतं, आणि मी न सांगितलेल्या गोष्टीसकट ती माफी घेतली. दादींनी ताक आणलं. मी तेही घेतलं.

मग जुईनं बांबूवरचा कॅमेरा ढोलीत घातला. आत अकरा फुटलेली टरफलं, न फुटलेलं अंडं एकही नाही. म्हणजे अकरावं पिल्लू बाहेर आलं होतं आणि कुठंतरी होतं. एकटं असेल, म्हणाली, आवाजही करत असेल. लगेच पिंपळाखालच्या गवतात गुडघ्यांवर बसून शोधायला लागली. दादी काठीनं पाणकणीस बाजूला सारत काठानं निघाल्या.

आणि मीही शोधलं. हे सांगायचं मी टाळणार होतो. मी रांगत गवत बाजूला केलं, पिंपळाच्या मुळांच्या बेचक्यांत हात घातला, एकदा तर लांबून ओरडून जुईला विचारलं की तिकडं बांधाखाली पाहिलंस का. तिनं जाऊन पाहिलं. दहाचे बारा वाजले. ऑगस्टचा तो दमट उकाडा, ज्याला तिकडे उमस म्हणतात, म्हणजे वाफाळत्या पातेल्यावर ओणवं राहिल्यासारखं. तिचा चेहरा लाल झाला होता, टाचेला काच लागली होती. मी तिला पाणी प्यायला लावलं. काळजी करणाऱ्या मामासारखं.

गावाचं सांडपाणी एका मोरीतून जोहडात पडतं. ती मोरी शेवटची उरली. जुईनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या काळ्या गाळात उतरली. वाकून, गाल जवळजवळ पाण्याला लावून, मोरीच्या तोंडातून आत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि पिल्लासारखा बारीक आवाज काढून हाका मारू लागली. थांबायची, ऐकायची, परत हाक मारायची.

"जुई, वर ये," मी म्हणालो. "ते माझ्याकडे आहे."

ती वर आली. हातपंपावर हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. मी रुमाल खाटेवर ठेवला. तिनं तो उलगडला, पिल्लू लहानशा काट्यावर ठेवून वजन घेतलं, पायाचं माप घेतलं. कशानं, असं विचारलं. मी दुर्बिणीचं सांगितलं. कधी कळलं, असं विचारलं. मी तेही सांगितलं. तिनं थोडा हिशेब केला असावा.

"म्हणजे शोधत होतास तेव्हा खिशात होतं."

"हो."

दादी जवळच उभ्या होत्या. मराठी त्यांना येत नाही, पण रुमाल दिसत होता. त्यांनी माझ्यासमोरचा ताकाचा अर्धा पेला उचलला आणि आत नेला.

जुईनं वही उघडली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. जो कोणी हजर असतो त्याची सही घ्यायची त्यांची पद्धत आहे. पानभर तक्ता होता, शेवटचा रकाना पिल्लू किंवा अंडं कशानं गेलं त्याचा. वरच्या ओळींत घोरपड होती, वादळ होतं, सगळं इंग्रजीत. आजच्या ओळीत तेवढा एक शब्द देवनागरीत होता: मामा.

मला हसू फुटलं. सवयीनंच. मी तिच्याकडे पाहिलं, तीही हसत असेल म्हणून.

"सही कर मामा," ती म्हणाली. "मी जोक नाही केला."